भिंतीच्या अलीकडे

त्या गुरुवारी दुपारी घंटा आमच्या दाराशी थांबली, पण ती आमच्यासाठी नव्हती. ती वरच्या मजल्यावरच्या चिक्कामावशीसाठी होती. आमचं आणि तिचं दार एकच. जिना आतून वर जातो, गल्लीतून तो दिसत नाही.

मरणाऱ्या माणसाकडे पाद्री पवित्र प्रसाद घेऊन निघाला की त्याच्यापुढे एक जण लहान घंटा वाजवत चालायचा. ती ऐकू आली की बायका हातातलं काम टाकून उंबऱ्यात गुडघे टेकायच्या, पुरुष टोप्या काढायचे. कुणी कुणी मेणबत्ती घेऊन मागोमाग निघायचं. सगळ्यांचे कान एकाच गोष्टीकडे असायचे, घंटा कुठल्या दाराशी थांबते. थांबली की कोण चाललंय ते गल्लीला कळायचं. नाव विचारावं लागत नसे.

चिक्कामावशी वर्षातून दोन-तीनदा मरत असे. त्या साली एकदा ती ईस्टरच्या आधीच्या उपासांत मेली होती आणि एकदा जूनमध्ये, कलिंगड जास्त खाऊन. त्यामुळे ती परत मरत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. तळमजल्यावर माझे वडील मात्र खरोखर मरत होते, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

"वळला ग बाई!" समोरच्या घरातून रडका आवाज आला. "नाझू चर्चकडे वळला! देवाने ऐकलं!"

मी खिडकीच्या फळीआड उभी होते. पलंगावर बाबांनीही ते ऐकलं. त्यांना हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "मेना, वर जाऊन म्हातारीला सांग, आज एकदाची नीट मर. तुझ्यापायी खाली माझी अब्रू चाललीय."

बाबांचं नाव इन्यात्सियू, पण सगळे त्यांना नाझू म्हणत. कागदोपत्री आमचं आडनाव वेगळं होतं, गावात आम्ही सुईवाले. आजोबा शिडं शिवायचे. बाबा चौतीस वर्षं इंग्रजांच्या आरमारी गोदीत, शिवणखान्यात होते. शिडांचा काळ संपला तेव्हा ते जहाजांवरच्या कनाती शिवू लागले, तोफांची आवरणं शिवू लागले, निशाणं शिवू लागले. "माल्टात इंग्रजांचं निशाण जितकं फडकलं, त्यातलं निम्मं मी शिवलंय," असं ते सांगायचे, आणि त्या सांगण्यात थोडा अभिमान असायचा. शिवण चांगली होती, ते कशाला लपवायचं? बारीक टाक्यांनी त्यांचे डोळे नेले. छाती जहाजांच्या पोटातल्या धुळीने नेली.

ते मजूर पक्षाच्या समितीवर होते. इंग्रजांनी जावं, गोदी आपली व्हावी आणि चर्चने राज्यकारभारात हात घालू नये, असं पक्षाचं म्हणणं. या शेवटच्या गोष्टीवरून बिशपांशी बिनसलं आणि एकसष्ट साली फर्मान निघालं. समितीवरच्या माणसांना चर्चचे संस्कार बंद झाले. पक्षाचं वर्तमानपत्र वाचणं महापाप ठरलं. पापकबुलीच्या जाळीतून पाद्री विचारायचे, ते वाचतेस का? हो म्हटलं तर क्षमा नाही. पक्षवाल्यांची लग्नं वेदीपुढे लागेनाशी झाली. ती मागच्या, झगे ठेवायच्या खोलीत लागायची, फुलं नाहीत, बाजा नाही. माझंही तिथेच लागणार होतं. होणाऱ्या सासूबाईंनी ती खोली एकदा बघितली आणि लग्न मोडलं. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

समितीवरचा माणूस क्षमा न मागता मेला, तर टेकडीवरच्या कबरस्तानात त्याला भिंतीपलीकडे पुरायचे. ती जमीन मंत्रून पावन केलेली नव्हती. लोक तिला उकिरडा म्हणायचे.

माझी आई भिंतीच्या अलीकडे होती. ती अठ्ठावन्न साली गेली, फर्मानाच्या आधी. कबर दोघांसाठी घेतलेली होती. तिच्या वरची जागा रिकामी होती.

डोळे गेल्यापासून बाबांना वर्तमानपत्र मीच वाचून दाखवायचे. सरकारी शाळेतून शिकवून आले की आधी वर्तमानपत्र, मग चहा. "वाचणं तुझं, ऐकणं माझं," ते म्हणायचे. "पाप निम्मं निम्मं. नरकात एकच खोली मागून घेऊ, भाडं वाचेल." मी पुस्तकंही पुष्कळ वाचली होती. हट्टी बापाकडून एक शब्द कसा काढून घ्यायचा, ते मात्र कशातच सापडलं नाही. त्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे तो शब्द किती वेळा मागितला, ते आता आठवत नाही.

"एकच शब्द, बाबा. 'चुकलं' म्हणा. दुन मतेवसारखा पाद्री पुढे काही विचारणार नाही."

"काय चुकलं?"

"काहीही."

"मग तूच म्हण की. तुझ्या चुका काय थोड्या आहेत? परवाच्या रश्श्यात मीठ नव्हतं."

"आई एकटी आहे तिथे."

त्यांनी उशीवर मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "तुझ्या आईचा आवाज आठवतो? गोदीच्या भोंग्याच्या वर जायचा. भिंतीचं काय घेऊन बसलीस, मध्ये समुद्र असता तरी तिची हाक आली असती." श्वास घ्यायला ते थांबले. "मला तिच्याजवळ जायचंय, मेना. नाही कशाला म्हणू? पण तिथे गेल्यावर तिने विचारलं, तुला आत कसा घेतला रे, तर काय सांगू?"

"काही सांगू नका."

"तिला? काही न सांगता? तू तुझ्या आईला ओळखत नाहीस." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "माझ्या वतीने कुणाला बोलू देऊ नकोस. तूसुद्धा बोलायचं नाही."

मी मान हलवली. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून 'बरं' असं तोंडाने म्हणावं लागलं.

त्या गुरुवारी संध्याकाळी वेन्झूकाका आले. पंचवीस वर्षं शिवणखान्यात त्यांचा बाक बाबांच्या बाकाला लागून होता, आणि समितीतही ते शेजारीच बसायचे. एरवी ते "मेलास का रे?" असं ओरडतच घरात शिरायचे. त्या दिवशी उंबऱ्यातच थांबले. टोपी हातात होती.

"पक्षाच्या क्लबात म्हणतायत की घंटा आली होती."

"आली होती," बाबा म्हणाले. "वर गेली. चिक्का मरतेय."

"परत?"

"परत."

वेन्झूकाका मटकन खुर्चीत बसले. "अरे, त्या बाईने सगळ्या समितीला घाम फोडला! तिकडे सगळे तोंडं पाडून बसलेत. मी म्हटलं, जाऊन स्वतःच विचारतो."

"बरं केलंस. इकडे ये." बाबांनी हात पुढे करून त्यांचा चेहरा चाचपला. "मला तुझे डोळे दिसत नाहीत. तुला माझे दिसतात ना? मग नीट बघ. नाझू वळला असं कुणी म्हणालं, तर सांग की मी आत्ताच नाझूकडून येतोय."

"सांगतो."

"मेना, पेटीतलं ते दे त्याला."

ते एक निशाण होतं. सोमवारी देशाला स्वातंत्र्य मिळणार होतं. गावभर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या, शाळेत मुलांकडून गाणं बसवून घेत होते. बाबांचं त्या स्वातंत्र्यात मन नव्हतं. "जहाजं जागच्या जागी, पलटण जागच्या जागी, राणी जागच्या जागी. बदलणार काय तर काठीवरचं फडकं. आणि त्याच्याही कोपऱ्यात इंग्रजांच्या राजाने लढाईत दिलेला क्रॉस." म्हणून त्यांनी उन्हाळ्यात, नुसत्या बोटांच्या अंदाजाने, आपलं वेगळं निशाण शिवलं होतं. अर्धं पांढरं, अर्धं लाल, कोपरा मोकळा. मी फक्त रंग सांगायचे आणि सुईत दोरा ओवून द्यायचे. ते त्यांना आपल्या शवपेटीवर हवं होतं.

"सहा जण आण," ते वेन्झूकाकांना म्हणाले. "आणि उंची बघून आण. गेल्या वेळी त्या सुताराला नेलं तेव्हा पेटी अशी कलली होती की मला वाटलं, आता तो बाहेर येऊन स्वतःच चालू लागतो."

"आणतो. पण घाई करू नकोस. सोमवारी गंमत तरी बघ."

"तू बघ आणि मला येऊन सांग," बाबा म्हणाले. "भिंतीपलीकडून मोठ्याने ओरड."

शुक्रवारी सकाळी त्यांची शुद्ध गेली. श्वास मोठा झाला आणि मध्ये मध्ये थांबू लागला. वर चिक्कामावशी उठून बसली होती आणि माशाचा रस्सा मागत होती, तिचा आवाज जिन्यातून येत होता. तिला बघायला आलेले दुन मतेव परत जाताना आमच्या खोलीच्या दाराशी थांबले. तीन वर्षांत त्यांनी आमच्याकडे पाऊल ठेवलं नव्हतं. आईला शेवटचं तेल त्यांनीच लावलं होतं. त्यांनी एकदा पलंगाकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे.

"आत येऊ?"

मी पलंगाशेजारची खुर्ची सरकवली. ते आत आले.

"मेना, यांना आता ऐकू येत नाही. मी यांना काही विचारू शकत नाही, तुलाच विचारतो. या काही दिवसांत यांनी कधी म्हटलं का, की चुकलं? एकदा? झोपेत? मला साक्षीदार नकोत. तू सांगशील ते मी मानेन आणि बिशपांना तसंच लिहून देईन."

ते वाईट गृहस्थ नव्हते, हे मला लिहिलंच पाहिजे. खोटं बोल असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त जणू दार उघडून धरलं आणि खाली बघत उभे राहिले.

मी बाबांचा हात बघत होते. अंगठ्याजवळ सुईने पडलेला घट्टा होता. मला ती भिंत दिसत होती, पलीकडचं वाळलेलं गवत आणि टाकलेले डबे दिसत होते. आईच्या कबरीतली रिकामी जागा दिसत होती. ती तशीच ठेवून आम्ही दोघी म्हाताऱ्या होत जाणार, ती खाली आणि मी वर, असं काहीतरी मनात आलं.

"हो," मी म्हणाले. "काल संध्याकाळी. म्हणाले, चुकलं."

"देवाची कृपा," दुन मतेव म्हणाले आणि त्यांनी कुपी काढली.

त्यांनी कपाळाला तेल लावलं. मग बाबांचा उजवा हात उलटा करून तळव्याला लावलं, तेव्हा हाताची मूठ वळली. घट्ट. दुन मतेवना ती उघडता आली नाही. डॉक्टर नंतर म्हणाले की बेशुद्धीत असं होतं, त्याला काही अर्थ नसतो. मी ते पुन्हा विचारलं, दुसऱ्या एका डॉक्टरला. तेही तेच म्हणाले.

दहाच्या सुमाराला बाबा गेले.

चर्चची मोठी घंटा वाजली. तीन वर्षं जी दारं आमच्यासाठी बंद होती ती उघडली. पाव आले, सूप आलं, काळे कपडे उसने आले. बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवून सांगत होत्या, बघ, शेवटी देव आपल्या माणसाला सोडत नाही. काठी टेकत टेकत चिक्कामावशी जिना उतरून आली आणि बाबांच्या पायाशी बसून जपमाळ ओढू लागली. "माझ्या घंटेने त्याचं मन वळलं," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. "मी मरत होते ना, ते त्याच्यासाठीच."

शनिवारी चार वाजता उचलायचं होतं. मी तीनपासून दाराशी उभी होते. सहा जण आले नाहीत. चर्चच्या बंधुमंडळाने पांढरे झगे घालून पेटी उचलली. त्यांची उंची सारखी होती. पेटी जराही कलली नाही.

कबरस्तानाची वाट पक्षाच्या क्लबावरून जाते. क्लबाची फळ्यांची दारं लावून घेतलेली होती. बाहेर खुर्च्यांवर माणसं बसली होती, भिंतीकडे तोंड करून. एकट्या वेन्झूकाकांचं तोंड रस्त्याकडे होतं. मी जवळ आले तशी ते उठून दोन पावलं पुढे आले. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"त्याने माझा चेहरा हातात घेतला होता, पोरी," ते हळू आवाजात म्हणाले. "डोळ्यांत बघ म्हणाला. मी बघितलं. आणि मला म्हणाला, चिक्का मरतेय."

दुन मतेव माझ्यापासून चार पावलं पुढे होते. पेटी त्यांच्या पुढे. मी त्या वेळी एक वाक्य बोलले असते, तर मिरवणूक तिथेच थांबली असती आणि पेटी भिंतीपलीकडच्या फाटकातून गेली असती. सहा माणसं खुर्च्यांवरून उठली असती. निशाण बाहेर आलं असतं. मला हे सगळं तेव्हा कळत होतं. नंतर सुचलं असं नाही.

"काका," मी म्हणाले.

"तुझ्यावर राग नाही. तू मुलगी आहेस, तुला तो आईजवळ हवा होता. पण त्याने मला तरी खरं सांगायचं होतं." ते वळले आणि खुर्चीत जाऊन बसले, भिंतीकडे तोंड करून.

बाबांना आईच्या वर ठेवलं. भिंतीच्या अलीकडे.

रविवारी सकाळी दाराच्या कडीला वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं अडकवलेलं होतं. आत निशाण होतं, नीट घडी घातलेलं. वर्तमानपत्र त्याच आठवड्यातलं होतं. मी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचलं. गोदीतल्या एका माणसाच्या आजारपणाची बातमी होती, कुणाच्या तरी लग्नाची होती. बाबांचं नाव कुठेच नव्हतं. मग मी चहा केला.

सोमवारी देश स्वतंत्र झाला. मी शाळेच्या मुलांना रांगेत उभं केलं आणि त्यांनी गाणं म्हटलं. निशाण वर चढलं, कोपऱ्यात क्रॉस असलेलं. बंदरात इंग्रजांची जहाजं आदल्या दिवशी होती तिथेच उभी होती, आणि त्यांनीही तोफा उडवून आनंद केला. शिवण मी जवळ जाऊन बघितली. यंत्राची होती.

कबरीवरच्या दगडासाठी पाथरवटाने मला काही विचारलंच नाही. सगळ्यांच्या दगडांवर जे असतं तेच त्याने कोरलं: पवित्र संस्कारांनी सांत्वन पावून देवाघरी गेले. ते खोडायला सांगायचं तर का, हेही सांगावं लागलं असतं. आणि का ते सांगितलं तर त्यांना तिथून काढतील, अशी मला भीती होती. पाच वर्षं मी त्या भीतीने गप्प राहिले. वेन्झूकाका रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूला जायचे. बाबांचं नाव क्लबाच्या भिंतीवरच्या यादीतून त्यांनी स्वतः रंगाने बुजवलं, असं मला चिक्कामावशीने सांगितलं. ती अजून मरत होती.

एकोणसत्तर सालच्या एप्रिलमध्ये चर्चचा आणि पक्षाचा समेट झाला. वर्तमानपत्र वाचणं पाप राहिलं नाही. लग्नं पुन्हा वेदीपुढे लागू लागली. आता उकिरडा वगैरे काही उरणार नाही, कुणालाही कुठून कुठे हलवायचं कारण नाही, असं दुन मतेवनी मला चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं. "आता निश्चिंत राहा," असंही म्हणाले. त्यांना किती माहीत होतं ते मला कधीच कळलं नाही.

मी घरी जाऊन पेटीतून निशाण काढलं आणि तशीच वेन्झूकाकांकडे गेले. ते दाराबाहेर उन्हात बसून शेंगा सोलत होते. मला बघून ते उठले नाहीत, पण आतही गेले नाहीत.

"काका, बाबा वळले नव्हते. ते शुद्धीवर नव्हते. मी दुन मतेवना खोटं सांगितलं."

ते शेंगा सोलत राहिले. एक, दोन, तीन. दाणे भांड्यात पडल्याचा आवाज येत होता.

"आज कुठला वार?" त्यांनी विचारलं.

"शनिवार."

"समेट कधी झाला?"

"या आठवड्यात."

"मग गेल्या आठवड्यात का नाही आलीस?"

"त्यांना बाहेर काढलं असतं."

"तेच म्हणतोय मी." त्यांनी शेंग खाली ठेवली. "गेल्या आठवड्यात आली असतीस तर मी तुझ्या पाया पडलो असतो. तेव्हा हे सांगायला काहीतरी द्यावं लागलं असतं. आज फुकट आहे, पोरी. आजपासून बघ, जो जो वळला होता त्याची पोरं येतील. आमचा बाप नव्हता वळला म्हणतील. कालच दोघं येऊन गेली."

"मी खरं सांगतेय."

"सांगत असशील." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "पण मला कसं कळणार ते? सांगू शकला असता तो एकटाच. आणि तो काय म्हणाला, ते तूच जगाला सांगून बसलीस."

मी निशाण त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात आधी पायजम्याला पुसले. मग घडी न उलगडता त्याची कड बोटांत धरून, डोळ्यांजवळ नेऊन, टाक्यांवरून अंगठा फिरवत शेवटपर्यंत नेला.

"उसवलं नाही कुठे," ते म्हणाले, आणि ते माझ्या हातात परत दिलं.